ओन्दिनीच्या पाटीवरचे दोन शब्द

—नाही, परत वाच. मोठ्यानं वाच, झोंडी. 'आगीनंतर लोक राजधानी सोडून गेले.' सोडून गेले. जशी काही भाडेकरूंनी खोली सोडली. तिकडं पीटरमारित्झबर्गच्या ऑफिसात बसून पाटी लिहायची आणि इथं सही मागायला यायचं—का, तर ह्लेझिफी आजी या जुन्या राजधानीची, ओन्दिनीची राखणदार, ती 'बरोबर आहे' म्हणाली की सुटलो. मी नाही करणार सही. बस त्या दगडावर.

पायाखाली काय आहे? माती म्हणतोस? घराची भुई आहे ती, शेणानं सारवलेली. इंग्रजांनी हजारावर घरं पेटवली, त्या आगीत भाजून विटेसारखी कडक झाली, म्हणून तर टिकली. सकाळी लढाई, अर्ध्याएक तासात खेळ खलास—त्यांच्याकडं तोफा, आमच्याकडं ढाली आणि भाले. दुपारी सगळं गाव पेटलेलं. पुढं राजालाही धरून बोटीत घालून नेलं. आणि तू लिहितोस, सोडून गेले.

माझी पणजी, नोमासोन्टो, अकरा वर्षांची होती तेव्हा. इथंच पाणी भरायची. धूर दिसला तशी धाकट्या भावाला पाठीशी बांधून डोंगराकडं पळाली. पळणं आणि सोडणं एकच का? घरात तिची आजी होती, आंधळी—पण ती आधीच वारली होती. म्हणजे, आम्हांला तसंच सांगायचे. मग पणजी म्हातारपणी एकदा माझ्या आईला म्हणाली, 'तिनं मला नावानं हाक मारली गं. पाठ एकच होती माझी.' बस, एवढंच. परत कधी त्यावर बोलली नाही. पेन ठेव खाली, हे पाटीसाठी नाहीये.

आणि तिला कुणी बोल लावायचा नाही, सांगून ठेवते. अकरा वर्षांची पोर ती.

लावायचा तर मला लाव. मी होते का अकरा वर्षांची? चांगली पन्नाशीची होते. इथं शेजारीच, उलुंडी गावात सरकार होतं तेव्हा मी टायपिस्ट होते तिथं. मग सगळी ऑफिसं तुमच्या पीटरमारित्झबर्गला हलवली, ट्रकच्या ट्रक फायली गेल्या. मला म्हणाले, येतेस? आईचं अर्धं अंग गेलेलं. तरी गेले; आईला म्हटलं, दर महिन्याला येईन. वर्षभर आलेही. मग—लांब पडतं रे, दिवस जातो नुसता बसमध्ये. शेजारणीचा फोन आला तेव्हा आईला जाऊन दोन दिवस झाले होते. दोन दिवस, झोंडी. मग परत आले आणि ही राखण धरली. माझ्यामागं कुणी तोफ लावली होती? छपराला कुणी काडी लावली होती? काही नव्हतं. तिकडं नळाला पाणी होतं, एवढंच.

असं बघू नकोस माझ्याकडं. पाटीचं काम घेऊन आलास, पाटीचं बोल.

लिही. 'घरं जाळली आणि लोकांना हाकलून लावलं.' साहेब म्हणतील, शब्द जड आहे. म्हणू देत. सोडून जाणं काय असतं ते मला ठाऊक आहे, मी सांगते ना—या लोकांनी ते केलेलं नाही. दुरुस्त करून आण, मग सहीचं बघू. आणि दुसऱ्या कुणाची सही घेऊन ही पाटी इथं रोवलीस, तर माझ्या हातानं उपटीन.

जा आता. शाळेची पोरं येतील एवढ्यात, मला तोंड धुवायचंय.