रुंद पडद्यावरचा हेरंब

पुढे सरका मंडळी, मागच्यांना बसायला जागा करा. देवाचं नाव घेऊन झालं, आता विषयाकडे वळू. आजचा प्रश्न साधा आहे. समोरचा माणूस आपल्याला वेडावाकडा दिसला, तर आधी सरळ कुणाला करायचं? त्याला, की आपल्या बघण्याला?

लगेच माना डोलवू नका. उत्तर सगळ्यांना येतं. देवळात येतं, घरी गेल्यावर येत नाही. म्हणून तर आख्यान लावावं लागतं! ऐका.

तासगावात भालचंद्र उपळेकर नावाचे गृहस्थ राहत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं वधूवर सूचक मंडळ. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि टेबलावर कॉम्प्युटर. लग्नाळू मुलामुलींचे फोटो आणि माहिती, सगळं त्या कॉम्प्युटरच्या पोटात. अण्णांचा एक नियम होता — फोटो कुणाच्या मोबाइलवर पाठवायचा नाही. आईवडिलांनी इथे यायचं, खुर्चीत बसायचं आणि पडद्यावर बघायचं. मुलीबाळींचे फोटो गावभर फिरू नयेत म्हणून. चांगला नियम. माणूसही चांगला. फक्त एक गोष्ट — "मला कळत नाही" हे वाक्य त्यांनी जन्मात उच्चारलं नव्हतं.

झालं काय, कॉम्प्युटर जुना. तो सुरू होईपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हायचा. कुणीतरी सांगितलं, आतली सिस्टीम बदला, नवी टाका, पळायला लागेल. अण्णांनी पेन ड्राइव्ह आणला आणि स्वतः बसले. त्यांच्या घरच्या, म्हणजे काकूंनी सुचवलं की जाणत्या माणसाला बोलवा. अण्णा म्हणाले, एवढ्या लोकांची लग्नं लावली, हे काय अवघड आहे?

आणि खरंच, सिस्टीम बसली! कॉम्प्युटर पळायला लागला. फक्त पडदा थोडा निराळा दिसू लागला. अक्षरं लाडवाएवढी. चार चित्रांत पडदा भरला. आणि चित्र होतं चौकोनी, पडदा होता लांबरुंद, म्हणून कॉम्प्युटरने चित्र दोन्ही बाजूंनी ताणून बसवलं. उशीला मोठा अभ्रा ओढून बसवतो ना आपण, तसं. त्यात जो जो माणूस होता, तो आडवा झाला.

पडद्यावर अण्णांनी स्वतःच्या लग्नाचा फोटो लावलेला होता. काकूंनी बघितलं आणि म्हणाल्या, अहो, आपण असे काय दिसतोय? अण्णांनी निरखून पाहिलं आणि म्हणाले, "भारदस्त दिसतोय."

मंडळी, इथे थांबा. पेटीवाले, तुम्हीही थांबा. त्याच पडद्यावर अण्णांनी दुसऱ्यांचे फोटो उघडले, तेव्हा त्यांच्या तोंडून काय निघालं असेल? "पोरं किती सुटलीत!" यंत्र तेच, पडदा तोच. स्वतःचा चेहरा भारदस्त आणि लोकांचा लठ्ठ. असं कुठे होतं का? हसता कशाला, होतं म्हणूनच हसताय.

आणखी एक गंमत. पडदा झाला आखूड, त्यामुळे प्रत्येकाच्या माहितीचा खालचा भाग दिसेनासा झाला. आणि खाली काय असतं? अपेक्षा! नोकरी हवी, पुण्यात घर हवं, सासू नको. सगळं पडद्याखाली गेलं. अण्णा कौतुकाने सांगायचे, हल्लीची मुलं किती समाधानी आहेत, कुणाची काही अपेक्षाच नाही.

आता अण्णा पडले कळकळीचे. त्यांनी फोन हाती घेतला आणि एकेका घरी कळवलं की मुलाचा भात बंद करा, मुलीला पळायला पाठवा, अशाने स्थळं यायची नाहीत. लोकांना वाटलं, अण्णांनी एवढी लग्नं जमवलीत, ते सांगतात तर खरं असेल. पंचक्रोशीतल्या लग्नाळू पोरांच्या ताटातली पोळी निम्मी झाली.

त्यात एक होता हेरंब शेवडे. सांगलीला दुधाच्या डेअरीत तपासनीस. त्याचं नाव फोनवरून नोंदवलेलं, फोटो मेलने आलेला. अण्णांनी त्याला प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर कळलं असतं, कारण हेरंब असा होता की पंखा मोठा केला तर आई त्याला भिंतीकडे बसवायची.

तासगावच्या दातारांची वसुधा त्याला मनापासून आवडली होती. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी मुलगी. एका लग्नात माइक शिट्या मारायला लागला, भटजी कानात बोटं घालून उभे, तेव्हा तिने साडीचा पदर खोचून तो माइक नीट केला होता. हेरंबने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी घरी सांगून टाकलं.

वसुधाच्या आईने अण्णांकडे येऊन त्याचा फोटो बघितला. मुलगा शिकलेला, घर चांगलं, पण हा एवढा घेर! त्या म्हणाल्या, थोडा कमी झाला तर पुढे बघू. अण्णांनी निरोप पोचवला.

हेरंबने आरशात पाहिलं. त्याला स्वतःत कमी करण्यासारखं काही दिसेना. पण मुलीकडच्यांना वाटतंय, तर असेल आपलंच काही चुकत, असं म्हणून त्याने भात सोडला. मग पोळी सोडली. डेअरीत दिवसभर दूध तपासायचा आणि स्वतः ताक प्यायचा, तेही पाणी घालून. आई ताट वाढून बसायची आणि पदराला डोळे पुसायची.

शेवटी अण्णांनी बघण्याचा कार्यक्रम ठरवला. दातारांच्या घरी एका बाजूला वसुधाचे वडील विश्वनाथराव, दुसऱ्या बाजूला अण्णा, मध्ये हेरंब आणि त्याची आई. हेरंब नमस्काराला वाकला आणि वाकलेलाच खाली बसला. उठवेना त्याला.

विश्वनाथरावांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने अण्णांकडे. मग विश्वनाथराव शांतपणे म्हणाले, "अण्णा, फोटो एकाचा दाखवलात आणि माणूस दुसराच आणलात. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

अण्णांचा चेहरा उतरला. आयुष्यभर मिळवलेलं नाव त्या एका वाक्यात चाललं होतं. आणि गंमत म्हणजे, त्यांनाही तोच संशय आला होता! हेरंबच्या आईला तर कळेचना, की आधी पोराला जाडा म्हणणारी माणसं आता तो आपला पोरगाच नाही म्हणतायत. ती उठून निघायला लागली.

तेवढ्यात वसुधा पोहे घेऊन आली. तिने बशी हेरंबपुढे धरली. तो हळूच म्हणाला, "नको. अजून थोडं कमी व्हायचंय."

वसुधा त्याच्याकडे बघत राहिली. "आणखी कुठून कमी होणार तुम्ही?" तिने विचारलं. बशी त्याच्या हातात दिली, तो पहिला घास खाईपर्यंत तिथेच उभी राहिली, आणि मग अण्णांना म्हणाली, "काका, मला तो फोटो बघायचाय. आत्ता."

सगळी वरात अण्णांच्या खोलीत गेली. अण्णांनी हेरंबचा फोटो उघडला. विश्वनाथराव म्हणाले, बघ, हा का तो? वसुधा म्हणाली, आता माझा उघडा. उघडला. पडद्यावर अशी बाई होती, की दाराने आत यायचं तर तिला आडवं व्हावं लागलं असतं. खुद्द आईने विचारलं, ही कोण?

वसुधा हसली नाही. खुर्चीत बसली आणि पडद्याच्या सेटिंगमध्ये गेली. तिथे चित्राचं माप निवडायची यादी असते, रिझोल्यूशन म्हणतात त्याला. यादीत एकच माप होतं, सगळ्यांत लहान. दुसरं काही निवडायची सोयच नाही. ती म्हणाली, "काका, नवी सिस्टीम टाकल्यावर ड्रायव्हर टाकलात का?"

अण्णा म्हणाले, आपल्याकडे गाडीच नाही.

"ड्रायव्हर म्हणजे ओळख करून देणारा. समोर केवढा पडदा आहे हे कॉम्प्युटरला कुणी सांगितलंच नाही, म्हणून तो अंदाजाने चित्र दाखवतोय. काका, तुम्ही जगाच्या गाठी घालून दिल्यात आणि घरातल्या या दोघांची ओळख करून द्यायची राहिली."

तिने कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवला आणि बसवायला लावला. आणि एकाएकी पडदा काळा झाला. अण्णांनी टेबल घट्ट धरलं. सगळी पोरं गेली असं पुटपुटले आणि देवाचं नाव घ्यायला लागले. किती दिवसांनी मनापासून घेतलं असेल!

पडदा उजळला. वसुधाने यादी उघडली, आता तिथे मापांची रांग होती. ज्याच्यापुढे शिफारस लिहिलेली होती ते निवडलं. आणि मंडळी, क्षणात सगळे माणसात आले. हेरंब हेरंबसारखा, वसुधा वसुधासारखी. फोटोंच्या खाली अपेक्षाही परत आल्या, तो भाग सोडा. आणि त्या लग्नाच्या फोटोतले अण्णा? एक किडकिडीत, घाबरलेला मुलगा. काकू म्हणाल्या, असेच होतात तुम्ही.

अण्णांनी घट्ट धरलेलं टेबल सोडलं. मग विश्वनाथरावांकडे आणि हेरंबच्या आईकडे वळून म्हणाले, "मला कळत नव्हतं." जन्मात पहिल्यांदा. त्यांनी हेरंबला काकूंच्या स्वयंपाकघरात नेलं, पाटावर बसवलं आणि स्वतःच्या हाताने वरणभात वाढला, वर तूप. तो जेवेपर्यंत समोरून उठले नाहीत. वसुधा दारात उभी होती. लग्न ठरलं ते तिथे, पाटावर.

मग अण्णांनी परत सगळे फोन केले, माफी मागितली, खाऊ घाला म्हणाले. विट्याचे एक गृहस्थ म्हणाले, राहू द्या अण्णा, पोरगी धावण्याच्या शर्यतीत पहिली आली, आता थांबायला तयार नाही!

हसलात ना? आता माझ्याकडे बघा. गळ्यात माळ घातली, कपाळी गंध लावलं, नवी सिस्टीम टाकली आपण. देव समोर केवढा आहे, याची ओळख आत कुणी करून दिली का? नाही. म्हणून सून आळशी दिसते, भाऊ लबाड दिसतो, पोरगा बिनकामाचा दिसतो. आणि आपण? भारदस्त. मग आपण त्यांना सांगत सुटतो — हे कमी कर, ते सोड. आणि ते बिचारे सोडतात. तुमच्यावर जीव आहे म्हणून सोडतात. तुमच्या नजरेत मावायला जो रोज थोडा थोडा कमी होतोय, असा एक जण प्रत्येकाच्या घरी आहे.

प्रसाद घेतल्याशिवाय कुणी जायचं नाही. पण घरी पोचलात, की आधी त्या माणसापाशी जा, आणि एवढंच विचारा — जेवलास का?

उचला टाळ. म्हणा माझ्यामागे, विठ्ठल, विठ्ठल.