पोचा राहू द्या, बाबा

म्हणजे मला वाटलं होतं, घरी येऊन खोकी उघडीन, तर माझे तीन म्हातारे दिवे भुशात तसेच निजलेले असतील... आणि इथे पाहते तर काय, बाबांच्या गॅरेजात दोन दिवे नव्या मोटारीसारखे लालभडक, चकचकीत! तुम्हाला सांगते, सत्तर वर्षांपूर्वीचे स्कँडिनेव्हियन टेबललॅम्प हो, परदेशात शिकताना चार वर्षं जुने बाजार धुंडाळून मिळवलेले, पुढे पाठवून दिले, वर फोनवर दहादा सांगितलं, हात लावू नका, संग्राहकाला मूळचा रंग लागतो, पोचासुद्धा मूळचा लागतो, पोचा म्हणजे इतिहास असतो. पण सांगते कुणाला? ज्यांनी पस्तीस वर्षं आपटलेल्या गाड्यांचे पोचे काढले, त्यांना!

"अगं, फसवलं तुला त्या बाजारवाल्यांनी," बाबा म्हणाले, "सगळा आपटलेला माल. आता बघ." पोच्यांत लांबी भरलेली, पॉलिश पेपर मारलेला, रंगाचे तीन हात. आई आतून, "दोन महिने जेवायला हाका मारून घसा बसला माझा." तिसऱ्याचा नंबर लागायचा होता, एवढंच नशीब. आणि उद्या दहाला माझा पहिला संग्राहक येणार, जुन्या दिव्यांचं दुकान काढायचं सगळं स्वप्न त्या एका माणसावर... बाबा, पोचा म्हणजे इतिहास!

"असेल. पण अपघाताचाच ना?"



संध्याकाळी रागारागाने एक लावला. आणि तुम्हाला सांगते... दिव्याच्या शेडला आतून त्यांनी सायीसारखा पांढरा दिला होता, त्यातून उजेड असा हळूच उतरला की भिंत विरघळल्यासारखी झाली, जॅक, पाने, हातोड्या पाण्याखाली तरंगतायत असं वाटायला लागलं, आणि त्या गोल उजेडात बाबांचा हात, नखांत लाल रंग, दिव्याची मान अलगद खाली करणारा. "तुझ्या वहीवर असा पडेल," म्हणाले. चार हिवाळे मी ज्या उजेडाची वाट पाहत होते, तो हाच की काय... छे, इतिहास गेला तो गेलाच.

तिसरा अजून जसाच्या तसा होता. संग्राहकाला तेवढा दाखवता आला असता. पण सकाळी उठले, त्यांना फोन केला, येऊ नका म्हटलं, आणि तिसरं खोकं उचलून बाबांपुढे ठेवलं. हाही तुम्हीच करा, माझ्या टेबलासाठी. फक्त हा एक मोठा पोचा राहू द्या, पोचा म्हणजे...

"इतिहास, माहीत आहे. ठेवतो की," बाबा त्यावरून बोट फिरवत म्हणाले, "जरा गुळगुळीत करून ठेवतो."