ओ

(पांढरकवड्याहून नागपूर विमानतळाकडे निघालेली शेअर टॅक्सी. मागच्या सीटवर तिघं. दुपार.)

धम्मरत्न : अठ्ठावीस दिवस तिकडं, अठ्ठावीस दिवस घरी. समुद्रातल्या तेलाच्या कामावर असंच असते मॅडम. मस्कतले उतरायचं, तिथून पुढं हेलिकॉप्टर. नऊ वर्षं झाली.

सुरभी : म्हणजे वर्षाला साडेसहा फेऱ्या. जाणं-येणं वेगळं धरलं तर तेरा वेळा देशाबाहेर-आत.

धम्मरत्न : बाप्पा! म्या कधी मोजलंच नाई. अन् तुमचं?

सुरभी : माझं कापसावर. मी रुई तपासते, तंतूची लांबी, ताकद. ताश्कंदला चौथ्यांदा चालले आहे. ढाक्याच्या फेऱ्या आता आठवतही नाहीत. ताश्कंदला पहिल्यांदा गेले तेव्हा पिशवीत रुईचे नमुने होते. तिथल्या अधिकाऱ्याने एक पुडी उघडली, हुंगली, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की बस.

विमलताई : मंग?

सुरभी : भाषा येत नव्हती काकू. मी थोडी रुई तळहातावर घेतली आणि वात वळून दाखवली.

विमलताई : समजलं त्याले?

सुरभी : त्याने दुसऱ्याला बोलावलं. मग त्यालाही एक वळून द्यावी लागली.

विमलताई : हे बरं केलं तू. समईची का निरांजनाची?

सुरभी : लांब. समईची.

धम्मरत्न : तुमचं कुठवर काकू? नागपूरलेच का?

विमलताई : मुंबई. मंग शारजा. लेक हाये तिथं, मोनाली. दीड महिन्याची पोरगी हाये तिले.

धम्मरत्न : एकट्याच? पहिल्यांदाच जाऊन राह्यल्या?

विमलताई : दुसऱ्यांदा.

धम्मरत्न : अरे वा! म्हणजे तुम्हीही आमच्यातल्याच. मागल्या टायमाले किती दिवस राह्यलत्या शारजात?

विमलताई : पोहोचलीच नाई. विमान मले सोडून गेलं.

सुरभी : कुठे? नागपूरला?

विमलताई : मुंबईले. नागपूर-मुंबई झालं बरोबर. कान दुखले थोडे, बाकी काही नाई. पुढचं गेलं. मी तिथंच बसून राह्यलती.

धम्मरत्न : तारखेचा घोळ झाला असन. माहा झालता एकदा. रात्री बारा चाळीसचं विमान, चौदा तारीख. मी चौदाले जेवणखावण करून आरामात निघालो. तं ते आदल्याच रात्री उडून गेलतं.

विमलताई : तारीख बरोबर होती. दुपारचं होतं.

सुरभी : घड्याळ? तिकडचं आणि आपलं दीड तासाने वेगळं आहे.

विमलताई : मी मुंबईत होती ना बाई. मुंबईचं अन् पांढरकवड्याचं घड्याळ एकच हाये.

धम्मरत्न : सामानात काही सापडलं? डिंकाचे लाडू नेले असतीन लेकीसाठी. खसखस टाकलीती? तिकडं खसखस लय डेंजर हाये, नशेत धरतात. सीधा अंदर.

विमलताई : मोनालीनं दहा वेळा बजावलंतं. खसखशीचा दाणा नाई टाकला. लाडू पास झाले. तपासणारी पोरगी तं म्हणे, एक देऊन जा.

सुरभी : थांबा, क्रमाने बघू. बोर्डिंग पास मिळाला होता?

विमलताई : मिळाला.

सुरभी : पासपोर्टवर शिक्का?

विमलताई : मारला. पोलिसानं इचारलं कायले चालल्या, म्या म्हणलं नात पाहाले.

सुरभी : गेट बरोबर होतं? आयत्या वेळी बदलतात कधीकधी.

विमलताई : तेच गेट. दोनदा इचारलं. काचेतून माह्यं विमान दिसे.

धम्मरत्न : झोप लागली का मंग?

विमलताई : डोळे टक्क उघडे. मोनालीसंग फोनवर बोलली, डब्यातली पोळी खाल्ली.

सुरभी : मग लोक उठून रांगेत लागले, तेव्हा तुम्ही का नाही गेलात?

विमलताई : जवाई म्हणलेते ना. कपिलराव म्हणे, आई, घाई करू नका, लोक उगीच धक्काबुक्की करतात. कोणी राह्यलं तं नाव घेऊन पुकारल्याशिवाय विमान जात नाई. म्या म्हणलं बरं हाये, आपल्या दवाखान्यासारखं. नाव आलं का उठायचं.

सुरभी : आणि नाव पुकारलंच नाही?

विमलताई : नाई ना! शपथ. मी कान देऊन बसलीती. एक पोरगी कागद घेऊन हिंडे, पण ते दुसऱ्याच बाईचं नाव घेऊन राह्यलीती. माह्या समोरून तीन वेळा गेली. मी मनात म्हणलं, कोण हाये हे भवानी, सगळ्यायले खोळंबून ठेवलं हिनं. पाण्यापाशी बसली असन गप्पा हाकत.

सुरभी : काय नाव होतं त्या बाईचं?

विमलताई : आता कसं आठवन! काहीतरी उर्वाशी... गन्शाम डोल. असं इंग्रजासारखं म्हणे ते.

धम्मरत्न : काकू, तुमचं नाव काय?

विमलताई : विमल. विमल घनश्याम ढोले. सगळे विमलताई म्हणतात.

सुरभी : पासपोर्ट बघू जरा?

विमलताई : हे घे.

सुरभी : काकू, यावर उर्वशी लिहिलंय. उर्वशी घनश्याम ढोले.

विमलताई : हो. तेच तं. मीच होती ते.

धम्मरत्न : तुम्ही होत्या ते भवानी?

विमलताई : हास बाबू, हास. विमान मागं सरकून राह्यलं तवा समजलं मले. अशी उभी राह्यली. तोवर दार लागलं होतं.

सुरभी : पण तुम्हाला माहीत होतं ना, पासपोर्टवर काय आहे ते?

विमलताई : माहीत कसं नाई? सही केली ना म्या. शाळेचा दाखला सातवीवरचा, त्याच्यावर उर्वशी. दाखला बदलत नाई म्हणून मोनालीनं आधारही तसंच करून घेतलं. कागदावर होतंच ते. कानात नव्हतं.

सुरभी : लग्नात बदललं?

विमलताई : ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं लिहिलं 'विमल'. सासू म्हणे, उर्वशी नाचणारीचं नाव हाये, आपल्या घरात नाई चालत. चव्वेचाळीस वर्षं झाली. बापानं मोठ्या हौसेनं ठेवलंतं. बोरी अरबच्या आमच्या वावरातून हाक मारे तं घरी ऐकू ये. तो गेल्यावर कोणी नाई म्हणलं.

धम्मरत्न : आमच्या आज्यानंही नाव बदललं. छप्पन्नात दीक्षा घेतली तवा. मंग जुन्या नावानं कोणी हाक मारली तं आजा ओच नाई दे. समोर उभा राहून तोंड फिरवे. मुद्दाम.

विमलताई : त्यायनं सोताच्या मनानं कान बंद केला बाबू. माह्या तं दुसऱ्यायनं केला.

धम्मरत्न : हो. ते वेगळं हाये.

सुरभी : आता कुठे आलो आपण?

धम्मरत्न : वडकी मागं गेलं. हिंगणघाट येईन.

विमलताई : बारसं थांबवून ठेवलं हाये पोरीनं. बारा दिवसाचं व्हाले पाहिजे, दीड महिना झाला. तिथं आत्या नाई, कोणी नाई. म्हणे आई, तूच ये अन् कानात नाव सांग. शेजारचे इचारतात नाव काय, तं हे म्हणते, आजी येऊन राह्यली. परवा ठरवलं हाये. अन् माह्या व्हिसाची मुदत हाये या महिन्याची. आता चुकलं तं मंग नाईच.

धम्मरत्न : चुकत नाई. सोपं हाये. नावाची वाटच नाई पाहायची. गेटसमोरच्या पहिल्या खुर्चीत बसायचं. पहिला माणूस उठला का त्याच्या मागं तुम्ही.

सुरभी : हे कराच. पण नावही लक्षात असू द्या. मध्येच काही विचारायचं असलं तर नावानेच बोलावतील. आम्ही दोघं दिल्लीच्या विमानात असू.

धम्मरत्न : प्रॅक्टिस करू मंग. मी अचानक हाक मारतो. हुशार राहा.

विमलताई : बरं.

धम्मरत्न : मॅडम, ताश्कंदले थंडी कशी असते?

सुरभी : जानेवारीत बर्फ. आता बरी आहे. काकू, तुम्ही स्वेटर घेतलाय ना? विमानात गार असतं.

विमलताई : घेतला ना. मोनालीच्या बापाचा घेतला, माह्या स्वेटरच्या बाह्या तोकड्या होतात.

धम्मरत्न : उर्वशीबाई ढोले!

विमलताई : त्याले दोन खिसे हायेत, पासपोर्ट बसते बरोबर...

धम्मरत्न : गेलं विमान.

विमलताई : अवं माय!

सुरभी : पुन्हा. उर्वशी काकू?

विमलताई : हो, हो. पण आता तुह्या तोंडाकडे पाहून राह्यलीती म्हणून. पाठमोरी असती तं नाई समजत.

सुरभी : तुमच्या ओळखीच्या आवाजात ऐकायला हवं. आमचे आवाज तुमच्या कानाला नवे आहेत, आणि नावही. दोन्ही नवं एकदम नको. घरी कोण आहे?

विमलताई : हे हायेत की.

सुरभी : ते काय म्हणतात तुम्हाला? विमल?

विमलताई : छ्या! 'अवं'. नाई तं 'मोनालीची माय'. विमलही कधी म्हणलं नाई त्यायनं. लग्नात नाव घ्याले लावलं तं घामानं भिजलेते.

धम्मरत्न : लावा फोन काकू. आत्ता लावा. पुढं रेंज जाते.

विमलताई : काय सांगू त्यायले?

सुरभी : जे आम्हाला सांगितलं तेच.

विमलताई : लाव तूच. 'घर' लिहिलं हाये पाय. ...अहो? ...हो, बसली नीट. ...जेवली. ...हिंगणघाट येऊन राह्यलं. ...ऐका ना, एक काम होतं. मले नावानं हाक मारा. ...अहो, नावानं. ...विमल नाई. ते दुसरं. पासपोर्टवरचं. ...कोण उर्वशी म्हणजे? मी! तुमच्या बायकोचं नाव हाये ते. ...मागल्या टायमाले कायनं विमान गेलं, सांगतलं ना? त्याच्यासाठी. ...कोणी नाई हसत. दोन लेकरं हायेत गाडीत, तेयनंच सांगतलं. ...पारावर हायेत का? मंग जरा बाजूले जा. ...गेले? म्हणा आता. ...ऐकू नाई आलं. ...असं नाई, वावरातून बोलावता तसं. ...हो. तसंच. अजून एकदा म्हणा.

...ओ.