ओल्या कचऱ्यातली पुरचुंडी

मंडळी, आधी मला एक सांगा. वस्तू आपल्या दाराबाहेर गेली, म्हणजे आपण तिच्यातून सुटलो का? नदीत टाकली, नाल्यात टाकली, गाडीत टाकली — झालं? हात झटकले, मोकळे? बोला ना! ... बरं. मग ऐका.

फलटणला एक गृहस्थ होते, शशिकांत गलगले. कापडाचं दुकान, स्वतःचं घर. माणूस वाईट नाही हं! एकादशी करणारा, देवळात पायरीला हात लावून आत येणारा. अगदी तुमच्या-माझ्यासारखा. आणि म्हणूनच त्याची गोष्ट सांगतोय.

नवरात्र तोंडावर आलेलं. घरात साफसफाई. त्यांच्या पत्नी निर्मलाताई कपाटाचा खण उपसत होत्या. काय नव्हतं त्या खणात! तुटके चार्जर, बंद रिमोट, गुंडाळलेल्या वायरी — माई, हसू नका, तुमचाही खण मला माहीत आहे! त्यात सापडला एक जुना मोबाइल. पाठ अशी टम्म फुगलेली, जशी तेलातली पुरी!

निर्मलाताई म्हणाल्या, "अहो, ह्याची बॅटरी फुगलीय. नगरपालिकेत असल्या वस्तू वेगळ्या घेतात म्हणे. देऊन या ना."

"एवढ्याशा डबड्यासाठी कोण जातंय तिकडे? आण इकडे!"

आणि काय केलं गलगल्यांनी? मोबाइल वर्तमानपत्रात गुंडाळला. घट्ट पुरचुंडी केली. ओल्या कचऱ्याच्या बादलीत तळाशी घातली. वर मेथीची देठं, वर चहाचा चोथा. का हो तळाशी? वर का नाही ठेवली? अहो, मनाला ठाऊक होतं ना! जे उघड ठेवायला लाज वाटते, ते चूक असतं — हे सांगायला कीर्तनकार कशाला हवा?

घंटागाडी आली. गाडीवर छबूबाई घोलप. नवरा गेलेला, घरात मुलगा आणि सून. बाईंनी बादली हातात घेतली. जड लागली.

"दादा, काच-बिच न्हाई ना ह्यात? परवा हात फाटला माझा."

"नाही हो! भाजीची देठं आहेत नुसती."

मंडळी... एवढं एकच वाक्य. किती सहज आलं तोंडातून!

बादली रिकामी झाली. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली. तिथे कचरा दाबायचं यंत्र सुरू झालं — लोखंडी फळी खाली येते, सगळं चेपते. थोडा कचरा काठावर अडकला होता, तो आत लोटायला छबूबाई वाकल्या. आतून धूर आला. "सलीमभाऊ, बंद करा, बंद करा!" — आणि भडका! सरळ तोंडावर! पदर पेटला. तो विझवायला गेल्या तर दोन्ही हात भाजले. ड्रायव्हर सलीम धावला, अंगावरचा शर्ट काढून त्यांना गुंडाळलं, रस्त्यावर लोळवलं. बाई किंचाळत होत्या... पेटीवाले, थांबा जरा. इथे सूर नको.

गलगले गॅलरीत उभे होते. सगळं बघितलं. कळलं. त्या क्षणी कळलं! आणि ते आत गेले, दार लावून घेतलं.

दुपारी गल्ली जमली. काय पेटलं? कुणी टाकलं? त्या गल्लीत दिगंबर साळी नावाचा भाडेकरू राहायचा. दिवाळीत फटाक्यांची टपरी लावायचा बिचारा. कुणीतरी म्हणालं, "ह्याच्याच उरलेल्या मालातलं असणार!" झालं! दिगंबर हात जोडून सांगतोय, "देवाशपथ, माझ्या खोलीत एक फुलबाजी नाही. येऊन बघा!" कोण बघतंय? घरमालक म्हणाला, "खोली खाली कर." आणि त्या घोळक्यात गलगले होते. काय केलं त्यांनी? सगळ्यांबरोबर होकाराची मान हलवली. हो! मान हलवली!

घरी आले तर निर्मलाताई उंबऱ्यात. "तो मोबाइल कुठे टाकलात?"

गलगले चपला काढून आत जायला निघाले.

"त्या माणसाचं बिऱ्हाड रस्त्यावर येतंय. तुम्ही सांगता, की मी सांगू?"

गलगले रडले. पण रडून काय होतं? दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीत सगळ्यांसमोर खरं सांगितलं. ठाण्यात जाऊन जबाब दिला. दिगंबरची माफी मागितली. दिगंबर म्हणाला, "आता राहून काय करू? काल सगळ्यांनी मला ओळखलं, मी सगळ्यांना ओळखलं." सामान टेम्पोत भरलं, निघून गेला.

मग गलगले दवाखान्यात गेले. छबूबाईंच्या डोळ्यांवर पट्ट्या, हातांवर पट्ट्या. "बाई, ते माझ्या घरातलं होतं. मी तुमच्याशी खोटं बोललो."

बाईंनी आवाजाच्या दिशेला मान वळवली. मग म्हणाल्या, "माफ करा म्हणू नगा, दादा. मला जमायचं न्हाई. उद्यापासनं माझी सून गाडीवर येणार हाय, माझ्या जागी. तिनं इचारलं, तर तिला तरी खरं सांगा."

एवढंच. शिवी नाही, शाप नाही.

पुढे? एक डोळा गेला. उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली, ती तशीच राहिली. चमत्कार झाला नाही, मंडळी. मला सांगायला आवडला असता. झाला नाही.

आता तुमच्याकडे वळतो. उद्या सकाळी तो खण उघडा. फुगलेली बॅटरी असेल तर टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला लावू नका. कोरड्या वाळूच्या डब्यात वेगळी ठेवा. बंद मोबाइल, सेल, वायरी, जुना टीव्ही — ओल्या कचऱ्यात नाही, उकिरड्यावर नाही! ई-कचरा जिथे घेतात तिथे स्वतः नेऊन द्या. वेळ नाही म्हणता? माझं कीर्तन ऐकायला आहे की!

चला, नाम घेऊ. टाळी वाजवा. पण वाजवताना आपले तळवे एकदा नीट बघा. धड आहेत. ही टाळी छबूबाईंना वाजवता येत नाही.

वाजवा आता. वाजवता येते का बघा. नारायण... नारायण...