जिवंत महांतप्पांची समाधी

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष, आपल्या सोसायटीचे चेअरमन नानासाहेब. व्यासपीठाची शोभा वाढवणारे नायब तहसीलदारसाहेब. सत्कारमूर्ती स्वातंत्र्यसैनिक महांतप्पा. पुढच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती केशरबाई. आणि दुष्काळी कामावरून हातपाय धुऊन थेट इथं आलेल्या बंधू-भगिनींनो,

'सौभाग्यवती' हा शब्द मी मुद्दाम जोर देऊन उच्चारला. या एका शब्दासाठी आम्ही धाराशिवच्या कोर्टात कितीतरी वर्षं भांडलो. महांतप्पांचा वकील या नात्यानं ती हकिकत सांगायची आज्ञा मला झाली आहे.

निजामाच्या राजवटीत तरुण महांतप्पा घर सोडून त्या राजवटीविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेले. पोलीस रोज दारात. "पोरगा कुठंय?" म्हणून वडिलांना, कल्याणप्पांना, चावडीवर नेऊन मार. शेवटी कल्याणप्पांनी काय करावं? पोरगा पटकीनं मेला असं जाहीर केलं! आपल्या लिंगायत रिवाजाप्रमाणं शेतात खड्डा काढला. कडब्याचा माणूस करून, विभूती लावून, वर कफन गुंडाळून त्याला मांडी घालून बसवला आणि माती दिली. पटकीचं नाव ऐकल्यावर तोंड उघडून बघायची हिंमत कोण करतो? खुद्द जमादारानं लांबूनच मूठभर माती टाकली. चावडीच्या दप्तरात मृत्यूची नोंद झाली.

हे नाटक तिघांनाच ठाऊक होतं: कल्याणप्पा, त्यांच्या पत्नी आणि मठाचे स्वामी. केशरबाईंना कुणी सांगितलं नाही. का? तर सुनेचं रडणं खरं वाटलं पाहिजे! त्यांनी कुंकू पुसलं आणि निजामाचं राज्य जाईपर्यंत त्या खरोखर रडल्या. मंडळी, इथं हसू नका. मला स्वतःला या गोष्टीचा अजून राग येतो.

राज्य गेलं, महांतप्पा परत आले. गावानं मिरवणूक काढली, पण नोंद खोडायचं कुणाला सुचलं नाही. अडलंही काही नाही. महांतप्पांनी प्रत्येक निवडणुकीत मतदान केलं, आणि मेलेल्यानं मतदान करणं आपल्या भागात फारसं नवलाचं नाही.

अडलं ते पेन्शनीला. महांतप्पांनी अर्ज केला, तेव्हा कचेरीनं कळवलं: अर्जदार कॅम्पात होता हे मान्य, परंतु चावडीच्या दप्तरानुसार तो निजामाच्या काळातच मयत आहे. सबब अर्ज नामंजूर; विधवा पत्नीनं अर्ज केल्यास विचार होईल.

नानासाहेब, तुम्ही गालात हसताय, पण "घ्या की विधवेची पेन्शन, घर एकच हाय," हा सल्ला तुमचाच होता! त्यावर केशरबाई काय म्हणाल्या?

"एकदा सासऱ्याच्या शब्दावर कुंकू पुसलं. आता सरकारच्या शब्दावर पुसू व्हय? घरात मानूस बसलाय जेवायला. मला न्हाय पायजे."

मग महांतप्पा जिवंत असल्याचा दावा लावला. पुरावा काय? म्हटलं, हे काय, उभे आहेत! सरकारी वकील म्हणाले, "उभा आहे तो कुणी तोतया असेल. खरे महांतप्पा शेतात पुरलेत." खरं जाणणारी तिन्ही माणसं तोवर निवर्तली होती. कोर्टानं हुकूम दिला: समाधी उकरा.

आणि मंडळी, तुम्ही सगळे आडवे पडलात! का, तर बहात्तरच्या दुष्काळात कुणीतरी त्या समाधीला नवस बोललं, पाऊस पडला, आणि समाधी जागृत झाली. तिकडं मागं बसलेले ज्ञानोबा, तुम्ही खुद्द महांतप्पांना हात जोडून म्हणालात, "आप्पा, तुमी जित्ते हाव, आमाला म्हाईत हाय. पर तुमची समाधी पावती ओ. तिला हात लावू नगा." आणि महांतप्पाही असे भिडस्त, की दावा मागं घ्यायला निघाले!

तेव्हा केशरबाईंनी पदर खोचला. "हितं म्या डोळं फोडून घेतले. म्याच उकरणार," म्हणाल्या आणि टिकाव हाणला. आडवे पडलेले तुम्ही बाजूला झालात.

कडबा वाळवीनं कधीच संपवला होता. हाती लागलं ते फक्त एक मडकं, त्यावर विभूतीचे पुसट पट्टे. कडब्याच्या माणसाचं डोकं! सरकारी वकिलांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. एवढ्यात केशरबाई ओरडल्या,

"आगं बया, माझं ताकाचं मडकं! म्हायेरावनं आणल्यालं. सासूबाई म्हनल्या मांजरानं फोडलं!"

आणि तिथंच नवऱ्याकडं वळून, कोर्टाच्या माणसांसमोर, तासभर त्यांना असं झाडलं, की सरकारी वकिलांनीच कबूल केलं: एवढं सगळं ऐकून घेणारा हा माणूस तोतया असणं शक्य नाही. निकाल आमच्या बाजूनं लागला. खड्डा तुम्ही त्याच दिवशी बुजवलात आणि दुसऱ्या दिवशी तिथं नारळही फुटला, ते मी कोर्टाला कळवलेलं नाही.

आज सकाळी मी केशरबाईंना म्हणालो, बाई, कॅम्पात ते लढले, पण सोसलं तुम्ही. आजचा पहिला हार तुमचा. त्या म्हणाल्या, "नगं, वकीलसाब. तवा सासऱ्यानं त्यांच्या फोटूला हार घातला हुता, त्यो म्या रोज बघितला. आता जित्त्या गळ्यात घातल्याला बघू द्या."

अध्यक्षमहाराज, मला बोलायची संधी दिलीत, आपला ऋणी आहे. वकिलाची जीभ, कुठं अधिक-उणं बोललो असेन तर पोटात घाला. आता हार घ्या. आणि पुढं मधे उभ्या राहिलेल्या मंडळींनो, जरा खाली बसा. बाईंना नीट दिसू द्या.