गजऱ्याची जाहिरात

टीव्हीवरच्या जाहिरातीने विक्री होते का, ते आमच्या मंजिरीला विचारा. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या फ्लॅटमधून ती ऑनलाइन गजरे विकते. मुलगी सांगत होती, “आई, नोबडी वॉचेस टीव्ही.” तरी हिने जाहिरात दिलीच. ती लागायच्या दिवशी लक्षात आलं, आपल्याच घरात टीव्ही नाही.

मग बर दुबईतलं टीव्हीचं दुकान गाठलं आणि सेल्समनला मराठी चॅनल लावायला सांगितलं. भिंतभर टीव्ही होते. सगळ्यांवर एकदम तिचा मोगरा उमलला. मंजिरी स्वप्नात असल्यासारखी बघत राहिली. मलासुद्धा क्षणभर वास आला.

सेल्समन हळूच म्हणाला, “मॅडम, कौनसा पॅक करूँ?”

नजर न हलवता तिने मधल्या, सगळ्यात मोठ्या टीव्हीकडे बोट दाखवलं.

तेव्हा विक्री झाली बरं का. गजरा एकही नाही, पण टीव्ही गेला.