पाण्यात न उतरलेली

—शून्य? अहो कुसाका-सान, शून्य कसं लिहिलंत तुम्ही? परवाच्या रविवारी पाच माणसं होती इथे, मला धरून सहा, आणि तुम्ही हजेरीच्या चौकटीत भलंमोठं शून्य काढून ठेवलंय! — सभासद म्हणजे बाप्तिस्मा झालेले, हो, कळलं मला, एकोणऐंशीची झालेय, बहिरी नाही झाले. ते सहा उरलेत. चौघं वृद्धाश्रमात, दोघं ओसाकाला मुलांकडे, त्यांच्यातलं रविवारी कोणी येत नाही, हे खरं. पण म्हणून बाकं रिकामी असतात का? मासळीवाली ताझुरु येते. वरच्या देवळातल्या भिक्षूंची आई येते — हो, बौद्ध देवळातल्या! म्हणते, मुलाचं सूत्रपठण सुरू झालं की मला झोप लागते, तुमच्याकडे निदान गायला तरी मिळतं. आणि कारखान्यात माकुलं कापणाऱ्या त्या तीन फिलिपिनो पोरी येतात. त्यांना माझं बोलणं कळत नाही, मला त्यांचं कळत नाही, पण मी पेटीवर सूर धरला की तिघी आपापल्या भाषेत गातात आणि गाता गाता रडतात. त्यांची चौकट कुठाय तुमच्या कागदावर? नाही ना? मग कागद चुकलाय, चर्च नाही चुकलेलं. घ्या, हे वाळवलेलं पर्सिमनचं फळ घ्या, घरचं आहे. शहरातून इतक्या लांब आलात चर्चला कुलूप लावायला, उपाशी कशाला लावताय?

माझा बाप्तिस्मा कोणत्या साली? — नाव शोधताय होय? नका शोधू. पुढचं पान नको, मागचंही नको. माझं नाव नाहीये त्या सभासदांच्या वहीत. — अहो बघताय काय असे! अठ्ठावन्न वर्षं पेटी मी वाजवते, दार मी उघडते, छपरावरचं बर्फ मी ओढते, आता पाद्री नाही तर शास्त्रपाठही मीच वाचते — पण पाण्यात नाही उतरले मी. म्हणजे उतरले होते. गुडघ्यापर्यंत.

सोलवेगबाई ठाऊक असतील तुम्हाला, कार्यालयात फोटो असेल त्यांचा. नॉर्वेच्या. अठ्ठाविसाव्या वर्षी एकट्या आल्या इथे, एवढ्या उंच की आमच्या प्रत्येक दारात डोकं आपटायच्या आणि आपटलं की दारालाच 'माफ करा' म्हणायच्या. मी सोळा वर्षांची, त्यांच्याकडे लोकरीचं विणकाम शिकायला जायचे. येशू वगैरे काही नाही, स्वेटर हवा होता मला! पण विणता विणता त्या गोष्टी सांगायच्या, आणि ती हरवलेल्या मेंढराची — शंभरातलं एक शोधायला बाहेर पडणाऱ्याची — ती माझ्यात शिरली ती शिरलीच. पाच वर्षांनी मी म्हटलं, घेते बाप्तिस्मा. ईस्टरची सकाळ, बंदराच्या कडेची खाडी, पाणी बर्फासारखं गार. आम्ही चौघी पांढऱ्या कपड्यांत, आणि सगळं गाव धक्क्याच्या भिंतीवर बसून तमाशा बघतंय. माझा नवरा तोकुजि — तेव्हा नवरा नव्हता, नुसतंच ठरलं होतं — तोही बसला होता, ओरडला, "ए हात्सुए, वर येताना दोन शिंपले घेऊन ये!" हसले सगळे. मीही हसले. आणि पाय पाण्यात टाकला, आणि — इथूनही दिसतो ना, तो काळा खडक — माझी आई त्या खडकापाशी बुडाली. समुद्रात बुड्या मारून शिंपले काढायची ती. मी अकरा वर्षांची होते, दोरी माझ्या हातात होती. तिनं खालून ती ओढली की मी तिला वर घ्यायचं. ती ओढलीच गेली नाही, आणि मी वाट बघत बसले. नुसती बसले. — ते असू दे.

तर मी तिथेच थांबले आणि विचारलं, मोठ्यानं विचारलं, भिंतीवरच्यांना ऐकू जाईल असं — बाई, माझ्या आईनं येशूचं नावही ऐकलं नव्हतं, ती कुठे आहे? सोलवेगबाई कमरेपर्यंत पाण्यात उभ्या, ओठ निळे पडलेले. त्यांनी काय म्हणावं? खोटं येत नसे त्यांना. म्हणाल्या, "हात्सुए, लिहिलंय ते एवढंच, की त्याच्यावाचून दुसरी वाट नाही." म्हटलं, म्हणजे आई तिकडे नाही? मग मी तिकडे येऊन काय करू? एकदा तिला पाण्यात सोडून काठावर बसले, आता दुसऱ्यांदा सोडू? — आणि वळले, तशीच ओली धक्क्यावरून घरी गेले. भिंतीवर कोणी हसलं नाही तेव्हा. तोकुजिसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा आले. का म्हणजे? भांडण अर्धवट राहिलं होतं ना! शेवटच्या बाकावर बसून त्यांच्याकडे नुसती डोळे वटारून बघत होते. प्रार्थना झाली, बाई थेट माझ्यापाशी आल्या, म्हणाल्या, पेटी वाजवणारं कोणी नाही, शिकशील? बस. सॉरी नाही, उपदेश नाही, काही नाही. शिकले. तीन हजार रविवार तरी झाले असतील. बाई परत गेल्या, पाद्री आले, गेले, बाकं भरली — एकेकाळी उभं राहायला जागा नसायची नाताळात — पोरं ओसाकाला, नागोयाला गेली, बाकं रिकामी झाली. प्रत्येक पाद्री मला विचारायचा, मात्सुउरा-सान, तुम्ही कधी? आणि मी त्याला तेच विचारायचे, आई कुठाय? एकानं तर माझ्यासाठी आलेख काढला होता, तुमच्या या कागदावर आहे तसाच. वाढ कशी होते, कुठे थांबते. मी म्हटलं, बाबा, हे चर्च आहे की मुळ्याचा वाफा?

शेवटचा बाप्तिस्मा? चौदा वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, हो. मात्सुउरा तोकुजि, इसोगाइ पाद्रींच्या हस्ते. बरोबर वाचलंत. माझाच नवरा. आयुष्यभर मला 'काय गं, आज देव घरी होता का?' म्हणून चिडवणारा, आणि शेवटी त्याचंच नाव शेवटचं — काय तो बर्फ होता त्या वर्षी! इसोगाइ पाद्री घाटात अडकले, तिसऱ्या दिवशी पोचले, ते सरळ अंत्यविधीलाच —

...

निघालं तोंडातून. निघालं तर निघालं. पेन खाली ठेवा आणि ऐका. छातीत पाणी झालं होतं तोकुजिच्या, डॉक्टर म्हणाले, आता नेऊ नका कुठे. दुपारी माझा हात धरला आणि म्हणाला, "हात्सुए, ते पाणी तू नाही घेतलंस, मी घेऊ का?" मी म्हटलं, थट्टा करतोस? म्हणाला, "तुझ्या आईला कोणी तरी तिकडून शोधायला नको का? तुम्ही दोघी हट्टी. मी नावाडी माणूस, मला सापडेल." — थांबा. थांबा जरा. — पाद्री घाटात. फोन लागेना. शेगडीवर किटली होती. कोमट करून घेतलं, गार पाण्याचा त्याला आयुष्यभर कंटाळा, आणि ओतलं त्याच्या कपाळावर, तीनदा, ते शब्द म्हणत. तोवर चव्वेचाळीस वर्षांत शेकडो वेळा ऐकले होते मी ते शब्द, पाठ असणार नाहीत? पूर्ण बुडवलं नाही, हो, तुमचा नियम मला माहीत आहे. देणारीचा स्वतःचाच झालेला नाही, तेही माहीत आहे. इसोगाइ पाद्रींनी विचारलं, कोणी दिला? मी म्हटलं, मिळाला. त्यांनी वही मागितली आणि स्वतःचं नाव लिहिलं. भला माणूस, वारले ते, आता त्यांना जाब विचारता येणार नाही. मला विचारा. खोडायचं असेल ते नाव तर माझ्यासमोर खोडा! — नाही ना होत हात? मग राहू दे.

आणि ऐकताच आहात तर हेही ऐका, हे ताझुरुलाही सांगितलेलं नाही. सोलवेगबाईंचं पत्र आलं होतं, वारायच्या आधी महिनाभर, त्यांच्या देशातून, थरथरत्या अक्षरात, आपल्या जपानीत. 'हात्सुए, त्या दिवशी मला माहीत नाही असं म्हणायला हवं होतं. मी तरुण होते, आणि एवढी माणसं बघत असताना गप्प राहायची भीती वाटली. आता भीती नाही. मी तिकडे पोचले की आधी तुझ्या आईची चौकशी करीन.' एवढंच. पत्राला मी उत्तर लिहिलं होतं, पाकीट चिकटवलं होतं, आणि त्या गेल्याची तार आली.

काय म्हणालात? — नाही, पुन्हा म्हणा, नीट ऐकलं नाही असं समजते. — मी? आत्ता? तुमच्या हातून बाप्तिस्मा? आणि मग वहीत एक सभासद, हजेरीत एक, म्हणजे वरच्यांना कुलूप लावता येणार नाही? ... चांगल्या मनानं म्हणताय, दिसतंय मला. डोळे ओले झालेत तुमचे. पण कुसाका-सान, स्वर्गासाठी घेतला नाही मी तो, आता छपरासाठी घेऊ? या मोडक्या भिंती वाचवायला? तोकुजि हसेल मला. बाई दारात डोकं आपटून घेतील.

जा. सांगा वरच्यांना, मात्सुउरा हात्सुए म्हणाली, चर्च बंद करायचं असेल तर रविवारी दहा वाजता या, आणि त्या तीन पोरी गात असताना मध्येच उठून सांगा त्यांना. भाषांतर मला येत नाही, तुमचं तुम्ही बघा. — नको, हात जोडू नका. प्रार्थना नको आत्ता. दार ओढून घ्या, वारा आत येतोय.